पायाळूचा पाय

सत्यशीला पायाळू. आईच्या पोटातून आधी तिचे पाय बाहेर आले होते, म्हणून वडवणीच्या आसपास कुणाच्या कमरेत उसण भरली, की तो तिच्या ओसरीवर येऊन पालथा पडायचा. ती पाठीवरून डावा पाय फिरवायची, हलकीशी लाथ मारायची आणि माणूस झटकून उठायचा.

गेलं वर्षभर हाच पाय ती स्वतःच्या लेकीच्या कमरेवर ठेवत होती. सायली पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे माळावर धावून आली की कंबर धरून बसायची. आईनं पाय फिरवला की उठायची. अलीकडे मात्र डावी पोटरी बधिर व्हायला लागली होती, आणि मैदानी चाचणी महिन्यावर आली होती. म्हणून मायलेकी एसटीनं बीडला आल्या.

एक्स-रे काढणाऱ्या रुद्रेशनं सायलीला निजवलं नाही, उभंच केलं. "हात खांद्यावर ठेवा ताई. गुडघे सरळ."

"सरळच हायेत की."

"न्हाईत. वाकलेत."

सायलीनं गुडघे ताठ केले, तशी तिची पाठ पुढं कलली.

"सरळ उभं ऱ्हाता येईना अन् फौजदार व्हायचंय!" चिठ्ठीवरचं 'पोलीस भरती' वाचून रुद्रेश म्हणाला.

"शिपाई व्हायचंय. पहिली पावती तुमच्याच गाडीची फाडते बघा."

सत्यशीलाही हसली. त्या दिवसातलं तेवढंच हसणं.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर फोटो उघडला आणि त्यावर रेषा ओढल्या. "हे खुब्यांचे गोळे. हे कमरेखालचं तिकोनी हाड, सगळा कणा याच्यावर बसतो. या दोन रेषांमधला कोन पन्नास अंशांच्या आसपास असतो. तुझा ऐंशीला टेकलाय. म्हणजे कण्याची बैठकच उतरती. शेवटचा मणका त्या उतारावरून पुढं घसरलाय."

मणका दिसत होता. बांधावरून घरंगळायला निघालेल्या दगडासारखा, अर्धा बाहेर.

"व्यायामानं कमी होईल ना कोन?" सायलीनं विचारलं.

"उभं राहायची ढब बदलता येते. हा कोन नाही. वाढ पूर्ण झाली की तो जन्मभर तेवढाच राहतो."

"मग मैदान?"

"धावायचं नाही. पोटरी बधिर होतेय, म्हणजे नस दाबली जातेय. ऑपरेशननं मणका धरून ठेवता येईल, घरात-दारात चालशील. भरतीचं मात्र सोड."

सायली पडद्याकडे बघत राहिली. सत्यशीला चाचरत म्हणाली, "माझ्या पायानं झालं का हे, बाई?"

"नाही. तुमच्या पायानं काहीच झालं नाही."

"मंग तिला आराम कावून पडायचा?"

"आडवं पडलं की मणक्यावरचा भार उतरतो. नुसती पडून राहिली असती तरी तेवढंच बरं वाटलं असतं."

"अन् वर्षाखाली आणली असती तर?"

"धावणं तेव्हाच बंद केलं असतं. नस वाचली असती."

संध्याकाळच्या एसटीनं दोघी घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे बुटांचा आवाज झाला. सत्यशीला अंथरुणात उठून बसली. पण हाक मारायला तिचं तोंड उघडलं नाही. उजाडल्यावर सायली पाय ओढत परत आली आणि ओसरीवर पालथी पडली.

"आई, पाय ठेव."

"त्यानं काय व्हत न्हाई. ऐकलं न्हाईस का काल?"

"ठेव तरी."

सत्यशीलानं भिंतीचा आधार घेतला आणि डावा पाय लेकीच्या कमरेवर टेकवला. तळव्याला खोबण लागली, पायरीसारखी. एक हाड वर, त्याच्या पुढचं आत गेलेलं. ही खोबण तिच्या ओळखीची होती. वर्षभर तळव्याला लागत होती, आणि उसणीची जागा म्हणून रोज नेमकी तिथंच तिनं लाथ मारली होती.

"बरं वाटतंय का?"

"लई," सायली हातांत तोंड खुपसून म्हणाली. "राहू दे तसाच."

सत्यशीलानं पाय तसाच ठेवला. भार मात्र सगळा भिंतीवर दिला.