बटणाच्या खिशाची पिशवी

मी निमोण्याच्या कस्तुराबाईंची दवाखान्याची पिशवी बोलतेय. दारामागच्या खुंटीला असते. घरात कुणाचं अंग तापलं, की पहिला हात माझ्याकडं येतो.

जन्मानं मी पँट. कस्तुराबाईंचा मुलगा सत्यजीत रांजणगावला एका कंपनीत कामाला आहे. त्याच्या निळ्या युनिफॉर्मची पँट होते मी. तीन वर्षं त्याच्याबरोबर कंपनीच्या बसनं गेले-आले. ऑइलचे डाग पडले, गुडघे विरले, मग कंपनीनं त्याला नवी पँट दिली. त्याची बायको सविता हिनं मला कापलं आणि मशीनवर बसून माझी पिशवी केली. कंबरपट्टीचे बंद झाले. मागचा खिसा मात्र तिनं बटणासकट तसाच ठेवला.

"असू द्या, सुट्टे पैसे ठेवाय बरा हाय," ती सासूला म्हणाली.

मला त्या खिशाचंच सांगायचं आहे.

आधी मी बाजाराची पिशवी होते. मेथीची जुडी, वांगी, कधी शेव-चिवडा. एकदा कस्तुराबाईंच्या मालकांना, म्हणजे संपतआप्पांना, खोकला धरला. त्यांचा एक्स-रे दुसऱ्या कशात मावेना, म्हणून माझ्यात घातला. घरी आल्यावर कस्तुराबाईंनी मला वेगळ्या खुंटीला लावलं. "आता हिच्यात भाजी आणायची न्हाई. दवाखान्याची झाली ही." त्या घरात असं आहे. जे एकदा दवाखान्यात गेलं ते परत चुलीकडं येत नाही.

त्याच खोकल्यात एक गोष्ट घडली. एका डॉक्टरच्या गोळ्यांनी उतार पडेना, म्हणून आप्पा दुसऱ्याकडं गेले. भोळेपणानं पहिल्या डॉक्टरचे कागद त्याच्यापुढं ठेवले. त्यानं ते टेबलावरून ढकलून दिले. "एवढा विश्वास होता तर तिकडंच जायचं की!" बाहेर बाकावर दहा-बारा माणसं बसलेली होती. आप्पा मुळात कमी बोलणारे. खाली वाकले, कागद गोळा केले, घडी केली आणि माझ्या खिशात घालून बटण लावलं. घरी कुणाला काही बोलले नाहीत. मला मात्र माहीत होतं, कारण ते कागद माझ्याच खिशात होते.

तेव्हापासून त्यांची ती रीतच झाली. नव्या डॉक्टरकडं जायचं तर जुने कागद खिशात, बटण बंद. गावातही पुष्कळांची हीच चाल आहे. म्हणतात, "आधीचं सांगायचं न्हाई. जाणता असंल तर हात धरला की वळखील." डॉक्टरचीच परीक्षा घेतात. त्या परीक्षेत कोण नापास होतं, ते मी पुढं पाहिलं.

मागच्या वर्षी कांदा काढताना कस्तुराबाईंच्या उजव्या पायात बाभळीचा काटा मोडला. करंगळीच्या बुडाला. त्यांना साखर आहे, त्यामुळं पायाला फार कळत नाही. चार दिवसांनी सवितानं पाहिलं तर जागा काळी-निळी पडलेली.

"आत्या, हे काय वं?"

"काय न्हाई गं, काटा हाय. हळद लावली की."

दुसऱ्या दिवशी आप्पांनी त्यांना शिरूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. मी खांद्याला होते. केसपेपरची रांग, मग डॉक्टरची रांग, मग ड्रेसिंगची रांग. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. इंजेक्शन द्यायच्या आधी त्यांनी हातावर थोडंसं टोचून पाहिलं. थोड्या वेळात तिथं गांध उठली, कस्तुराबाईंचा घसा खाजायला लागला. बाईंनी लगेच दुसरं औषध दिलं, त्यांना तासभर समोर बसवून ठेवलं आणि लाल पेन काढला. केसपेपरवर वरच मोठ्या अक्षरात लिहिलं. खाली पायाचं चित्र काढलं, जखम कुठं आहे, केवढी आहे, तेही मांडलं.

"आजी, ते इंजेक्शन तुम्हाला कधीच चालणार नाही. कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी हा कागद आधी दाखवायचा. बाबा, लक्षात राहील ना?"

"व्हय ताई," आप्पा म्हणाले.

आठवडाभर रोज एस.टी.नं शिरूरला गेलो. रोज बाई चित्राशेजारी नवं माप लिहायच्या. पहिल्यापेक्षा लहान. सातव्या दिवशी त्या रजेवर गेल्या. त्यांच्या जागी आलेल्या माणसापुढं इतकी गर्दी होती, की आमचा नंबर लागेपर्यंत परतीची गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी कस्तुराबाई म्हणाल्या, "आज नगं. आज पाय बरा हाय." त्याच्या दुसऱ्या दिवशीही म्हणाल्या.

अशात शेजारची धुरपदाबाई डोकावली. "काय गं कस्तुरे, ल्योक कंपनीत परमनंट, आन् तू सरकारीत बाकड्यावर बसतीस? सत्या काय म्हनतो?"

सत्यजीतनं ते ऐकलं. दुसऱ्याच दिवशी त्यानं रजा टाकली. पाय तोवर पुन्हा सुजला होता. शिरूरलाच एक मोठा खाजगी दवाखाना आहे. काचेचं दार, गार हवा, चपला बाहेर. आप्पांनी दारातच मला पुढं घेतलं, सरकारी केसपेपर माझ्या पोटातून काढला, चार घड्या केल्या आणि खिशात घातला. बटण लावलं. मी त्यांच्या पोटाशीच होते. मला तसंच धरून ते आत गेले.

आत डॉक्टरनं विचारलं, "याआधी कुठं दाखवलं?"

"कुठं न्हाई सायेब. घरीच हळद लावली."

"कुठल्या औषधाचा त्रास? अंगावर गांध वगैरे?"

सरकारीत नेल्याचं सत्यजीतला ठाऊक होतं, तरी वडिलांचा शब्द त्यानं खोडला नाही; औषधाच्या त्रासाचं मात्र त्याला काहीच माहीत नव्हतं. तो वडिलांकडं पाहायला लागला. आप्पा कस्तुराबाईंकडं पाहायला लागले. कस्तुराबाईंनी आप्पांकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाल्या, "न्हाई."

मला तोंड असतं तर तेव्हा ओरडले असते. कागद माझ्याजवळ होता. लाल अक्षरं माझ्या कापडाला टेकलेली होती. पण पिशवीला कुणीतरी उघडावं लागतं.

सलाइनमधून औषध सुरू झालं. सत्यजीत खाली गोळ्या आणायला गेला होता. कस्तुराबाई म्हणाल्या, "आवं, मला कसंतरी व्हतंय." ओठ सुजले, गळ्यातून घरघर यायला लागली. आप्पा बाहेर धावले. डॉक्टर जिना चढून पळत आला, दोन नर्स आल्या, सलाइन बंद केलं, दुसरी सुई दिली, नळी लावली. त्या माणसांनी खरंच शर्थ केली. दोन दिवस त्यांना काचेआड ठेवलं आणि जीव वाचवला. हे मी मान्य करते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं आप्पांना बाजूला घेतलं. "यांना असं आधी कधी झालं होतं का? खरं सांगा."

आप्पांचा अंगठा माझ्या बटणावर होता. बटण अर्धं निघालं. मग परत आत गेलं.

"न्हाई सायेब."

पहिल्यांदा ते अपमानाला भ्याले होते. या वेळी कशाला भ्याले, ते मला नीट सांगता येत नाही. समोर काच होती आणि काचेआड बायको होती.

जीव वाचला, पण जखमेचं विष पायात वर चढत चाललं होतं. डॉक्टर म्हणाला, गुडघ्याखालून काढावा लागेल, उशीर नको. सहीचा कागद सत्यजीतच्या हातात दिला. त्यानं पेन उघडला.

"सत्या, सही करू नगं," कस्तुराबाई पडल्या पडल्या म्हणाल्या.

"आये, डॉक्टर म्हनत्यात जिवावर बेतंल."

"बेतू दे. पाय गेल्यावर जोडवं कुठं घालू? कपाळाला?"

सत्यजीत तोंड फिरवून उभा राहिला. सविता मात्र रडता रडता हसली.

आमच्या गावातला शेखलाल जीप चालवतो. तो भेटायला आला होता. तो म्हणाला, "आप्पा, पाय काढायचाच असंल तर उद्या बी काढता येतो. आधी एकदा भीमेपलीकडं मिशनच्या दवाखान्यात दाखवा. मी नेतो."

कस्तुराबाईंना शंका आली. "तितं कुंकू पुसाय लावत्यात का रं?"

"मावशी, माझ्या खुर्शिदची दोन बाळंतपणं तितंच झाली. अजून पाच येळा नमाज पढती. उलट आता नमाजासाठी माझ्याच मागं लागती."

डॉक्टरनं "आमच्या जबाबदारीवर नाही" असं लिहून घेतलं आणि फाइल दिली. न्हावऱ्यावरून दौंडच्या अंगाला निघालो. भीमेच्या पुलावर जीप हळू झाली. आप्पांनी नदीला हात जोडले. जोडलेल्या हातात मीही होते.

मिशनचा दवाखाना जुना, बैठा. भिंतीवर क्रूस, अंगणात कडुनिंब. इथंही रांग होतीच. एक वयस्कर सिस्टर आल्या. कुठून आलात, काय झालं, असं काही न विचारता आधी त्यांनी घमेल्यात पाणी घेऊन पाय धुतला. कस्तुराबाई संकोचून पाय मागं घ्यायला लागल्या. "राहू द्या आई, माझं कामच हे," त्या म्हणाल्या. बोलणं आपल्याकडचंच.

मग म्हातारे डॉक्टर आले. त्यांनी खाजगी दवाखान्याची फाइल शेवटपर्यंत वाचली. पाय दाबून पाहिला.

"पाय काढा म्हणणारा डॉक्टर चुकीचं बोलला नाही. पण मला एक कळायला हवं. ही जखम पहिल्या आठवड्यात केवढी होती? कुठल्या औषधानं कमी होत होती का? ते कळलं तर पाय ठेवून बघता येईल. नाहीतर मलाही काढावाच लागेल. आधीचा काही कागद आहे का?"

"न्हाई डॉक्टर," सत्यजीत म्हणाला. "आठवडाभर सरकारीत नेलं व्हतं, पर कागद न्हाई."

डॉक्टर उठायला लागले. तेवढ्यात माझं बटण निघालं.

आप्पांनी खिशातून ती घडी काढली. घामानं कागद मऊ झाला होता. चारही घड्या त्यांनी मांडीवर सरळ केल्या आणि कागद टेबलावर ठेवला. ठेवल्यावर हात मागं घेतला नाही. कुणी ढकललाच, तर खाली पडू नये म्हणून.

डॉक्टरांनी ढकलला नाही. चष्मा पुसला आणि वाचला. लाल अक्षरांवर बोट ठेवलं, मग पायाच्या चित्रावर, मग एकेका मापावर.

"हे ज्यांनी लिहिलं त्यांनी फार चांगलं काम केलंय," ते म्हणाले. "त्यांच्या औषधानं जखम भरत होती. तेच पुन्हा सुरू करू. आठ दिवस द्या मला. बोटं राहतील असं सांगत नाही. पाय बहुतेक राहील."

सत्यजीत त्या कागदाकडं पाहत होता. "आप्पा, हा तवा तुमच्याजवळ व्हता?"

"व्हय."

"आयेला सलाइन लावलं तवा?"

"व्हय."

सत्यजीत उठून बाहेर गेला. आप्पा भिंतीकडं तोंड करून बसले. बऱ्याच वेळानं तो परत आला. हातात चहाचे दोन कप होते. एक त्यानं वडिलांजवळ बाकावर ठेवला. चहा निवून गेला, तेव्हा आप्पांनी तो प्यायला.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. पाय राहिला. जोडव्याचं बोटही राहिलं.

घरी आल्यावर ड्रेसिंगला आणि साखरेच्या गोळ्यांना पुन्हा शिरूरचा सरकारी दवाखाना. त्या डॉक्टरीणबाई रजेवरून आल्या होत्या. आप्पांनी मला टेबलावर अख्खं पालथं केलं. सरकारी, खाजगी, मिशनचं, सगळं एका ढिगात. आणि बाईंच्या तोंडाकडं पाहत उभे राहिले, बोलणी खायच्या तयारीनं.

"बरं झालं बाबा, सगळं आणलंत," बाई म्हणाल्या आणि कागद तारखेनं लावायला लागल्या.

त्या दिवशी एस.टी.त आप्पांनी तीनदा डोळे पुसले. कस्तुराबाई खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

मग एका दुपारी ओट्यावर बसून कस्तुराबाईंनी मला मांडीवर घेतलं आणि ब्लेडनं माझा खिसा उसवायला घेतला. आप्पा शेजारी शेंगा फोडत होते.

"म्या तुला मारलंच असतं," ते एकदम म्हणाले. "त्यो कागद माझ्याजवळ व्हता."

"मला ठावं व्हतं."

"काय?"

"दारात बटन लावताना बघितलं व्हतं मी तुमास्नी."

"मग डॉक्टरनं इचारलं तवा 'न्हाई' का म्हनलीस?"

"त्या खोकल्याच्या येळंला तुमी घरी आला, तवाच वळखलं व्हतं मी, कुनीतरी बोललंय ह्यांना. परत कुनी बोलू नये म्हनून म्हनलं, 'न्हाई'." टाके तोडत त्या म्हणाल्या, "दोघं बी येडीच."

आप्पांनी शेंगा बाजूला ठेवल्या आणि त्यांच्या लुगड्यावर पडलेले माझे धागे एकेक करून उचलायला लागले.

आता मी थकले आहे. बंद सैल झालेत, तळाला ठिगळ आहे. सगळी विटले, पण खिसा होता तिथं चौकोनी कापड अजून गर्द निळं आहे, पहिल्या दिवसासारखं. गावातली माणसं आप्पांकडं येतात, विचारतात, "आप्पा, सरकारीत नेऊ का खाजगीत, का तुमच्या त्या मिशनमध्ये?" आप्पा खुंटीकडं बोट करतात. "कुठं बी न्या. पर तितं पिशवी पालथी करा." माझंही मागणं एवढंच आहे.

आणि तो खिसा फेकला नाही त्यांनी. कस्तुराबाईंना दवाखान्यातून मऊ चपला मिळाल्या. दोन बोटं नसल्यानं उजव्या चपलेचा पट्टा त्या बाजूला ढिला पडायचा, पाय घासत चालावं लागायचं. आप्पांनी खिशाचं कापड घडी करून त्या पट्ट्याला आतून शिवलं आहे. टाके वेडेवाकडे आहेत. पण रोज सकाळी कस्तुराबाई अंगणात चालतात, तेव्हा मी खुंटीवरून ऐकते. पाय घासत नाही.