भावजींच्या मनगटावर ठमी

धाकटीने केलेलं घड्याळ ओळखायची एकच खूण होती, आणि ती वाचायला डोळे धड लागत.

दिवसभर ती चष्म्याच्या कार्यशाळेत भिंगं घासत असे. संध्याकाळी जेवणाच्या टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला बसून महागड्या घड्याळांच्या नकला जुळवी. कुठून तबकडी आणलेली, कुठून काटे, मोडीत निघालेल्या घड्याळातलं यंत्र; सगळं धुऊन, घासून, सुईच्या टोकाने तेल देऊन. नवरा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जेवी आणि शिंक आली की पानावरून उठून बाहेर जाई. एकदा तो जागेवरच शिंकला होता, तेव्हा तिने त्याला एका स्क्रूसाठी अख्ख्या घरभर रांगायला लावलं होतं.

तिचा नियम कडक होता. बाकी सगळं हुबेहूब, पण तबकडीवर कंपनीचं नाव नाही. त्या जागी तेवढ्याच इंग्रजी अक्षरांचं, त्याच वळणाचं, तिच्या मनातलं दुसरं नाव. "नक्कल वेगळी, फसवणूक वेगळी," ती म्हणे. तिच्या सगळ्यांत देखण्या घड्याळावर ठमीचं नाव होतं. ठमी ही दोघी बहिणींच्या माहेरची मांजर. दिसायला महाराणी, पण कुणाला अंगाला हात लावू देत नसे.

हे घड्याळ तिने ताईच्या नवऱ्याच्या, म्हणजे भावजींच्या घड्याळावरून केलं होतं. भावजींचं अस्सल. बढती मिळाली तेव्हा घेतलेलं, आणि तेव्हापासून त्यांच्या शर्टाची डावी बाही उजवीपेक्षा नेहमी दोन बोटं वर असे. धाकटीला फार दिवसांची एकच हौस होती: त्याचं मागचं झाकण उघडून आतलं यंत्र एकदा डोळे भरून बघायचं. बाहेरचं तिने फोटोंवरून साधलं होतं, आतलं मात्र नुसत्या अंदाजाने. तसं तिने बोलूनही बघितलं होतं.

"बघा की, मेव्हणीबाई," भावजी म्हणाले होते. "पण लांबून. हात लावायचा नाही."

स्वतः भावजींना जवळचं काही दिसत नसे. धाकटीने जातीने भिंगं घासून त्यांना चष्मा करून दिला होता. तो कपाटात झोपलेला. ते वर्तमानपत्र हात लांब करून वाचत, आणि हात पुरेनासा झाला की छापणाऱ्यांच्या नावाने खडे फोडत.

एके दिवशी दुपारी ताई कार्यशाळेतच येऊन थडकली. पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढून तिने धाकटीच्या पुढ्यात ठेवली.

"मेले मी. बघ ना, हे पिसाळलंय."

भावजी परगावी गेले होते. चोरांना अस्सल माल अचूक कळतो अशी त्यांची खात्री असल्याने प्रवासात ते घड्याळ नेत नसत. धूळ पुसताना ताईने ते स्पीकरवर ठेवलं आणि तिथेच विसरली. आता काटे शर्यत लागल्यासारखे पळत होते.

"स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं, ताई. आतल्या बारीक स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटलेत. काढते मी चुंबकत्व. झाकण उघडायचीही गरज नाही."

हे वाक्य तोंडातून निसटलं आणि तिने जीभ चावली.

"मग उघडायचं नाही!" ताई लगेच म्हणाली. "तुझी नजर ओळखते मी. माझ्या गळ्याची शपथ घे."

शपथ घ्यावी लागली. घड्याळ सुधारलं की नाही हे बघायला ते निदान दिवसभर चालवून ठेवणं भाग होतं. तोवर घड्याळाची पेटी रिकामी नको म्हणून ताई ठमी, म्हणजे ती नक्कल, घेऊन गेली. त्या रात्री धाकटीने झाकणाची चावी तीनदा खाचेत बसवली आणि तीनदा काढून ठेवली. नवऱ्याने विचारलं, "बरं वाटत नाही का?" ती म्हणाली, "नाही."

भावजी एक दिवस आधीच परतले. येताना रविवारच्या जेवणाचं आमंत्रण आपल्या नव्या साहेबांना देऊन आले, आणि रविवारी सकाळी पेटीतून ठमी काढून ऐटीत मनगटावर चढवली.

"वाचलं तर?" ताई फोनवर रडकुंडीला आली होती.

"चष्म्याशिवाय? जेवायच्या आधी हात धुताना ते घड्याळ काढतात ना, तेव्हा बदलू."

अस्सल घड्याळ स्वतःच्या मनगटावर घालून धाकटी नवऱ्याबरोबर ताईकडे जेवायला गेली. तिच्या हातावर नकली घड्याळ असतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिथे कोण बघणार?

साहेबांनी बघितलं.

"अरे, दोघांची घड्याळं सारखीच!"

"सारखी?" भावजी दुखावले. "साहेब, ही आमची मेव्हणी. नकली घड्याळं करते. काढा हो तुमचं, साहेबांना फरक दाखवू."

ताई पाण्याचा जग घेऊन साहेबांच्या पाठीमागे उभी होती. धाकटीने सावकाश पट्टा सोडला. भावजींनी डोळे मिटून ते घड्याळ तळहातावर झेललं.

"वजनच नाही. पोकळ! आणि काटा बघा, परीक्षेला बसल्यासारखा थरथरतोय. आता हे माझं. कान लावा. काय तो आवाज! खानदानी!"

ठमीच्या पोटात मोडीतलं यंत्र टिकटिकत होतं. स्वतःच्या कामाची इतकी मनापासून तारीफ धाकटीने जन्मात ऐकली नव्हती. हसू दाबताना तिला ठसका लागला.

"छपाईवरूनही कळतं म्हणतात," साहेब म्हणाले. "भिंग आहे का?"

"अय्या, आज नेमकं विसरले," धाकटी म्हणाली.

"आहे की पर्समध्ये," तिचा नवरा आपुलकीने म्हणाला. "ही ते घेतल्याशिवाय भाजी आणायलासुद्धा जात नाही."

भावजींनी भिंग आधी हातातल्या घड्याळावर धरलं. कंपनीचं नाव त्यांनी अक्षर अक्षर मोठ्याने वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"वा, मेव्हणीबाई! नक्कल वेगळी, फसवणूक वेगळी ना? सरळ कंपनीचं नाव छापलंय की! ही तर चोरी झाली."

धाकटीचे कान तापले. नवरा तिच्याकडे अशा नजरेने बघत होता, जणू ज्या स्क्रूसाठी तो रांगला तोही चोरीचा निघाला. एका वाक्यात सगळं निस्तरता आलं असतं. पण समोर ताईच्या हातातला जग थरथरत होता, आणि पाणी साहेबांच्या कॉलरपासून बोटभर अंतरावर आलं होतं.

"चुकलं, भावजी," ती म्हणाली.

"चुकलं म्हणे! आता अस्सल कसं असतं ते बघा." भावजींनी भिंग आपल्या मनगटाकडे वळवलं. त्यांचे ओठ हलू लागले. एक अक्षर, दुसरं, तिसरं. मग ते थांबले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. ठमीच्या गोष्टी ऐकतच त्यांचा संसार झाला होता. त्यांनी धाकटीकडे बघितलं, ताईकडे बघितलं, तिच्या हातातल्या जगाकडे बघितलं.

"काय दिसतंय?" साहेबांनी विचारलं.

"चोख," भावजी म्हणाले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी डावी बाही खाली ओढून बटण लावलं. मग दुसरं घड्याळ पुन्हा मेव्हणीच्या हातात देण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं.

पाचच मिनिटांत ते दोघी बहिणींच्या मागोमाग स्वयंपाकघरात आले. ताईने एका दमात स्पीकरपासून सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे सकाळपासून मी मांजर घालून फिरतोय," भावजी दबक्या आवाजात म्हणाले. "आणा माझं इकडे."

धाकटीने मूठ घट्ट मिटली. "चोर म्हणालात मला. माझ्या नवऱ्यादेखत."

"ते... त्याला मी सांगेन. साहेब गेल्यावर. अगदी पहिल्यापासून सांगेन."

"आणि मला याचं झाकण उघडून बघायचंय."

भावजींनी बाहेरच्या खोलीकडे बघितलं, मग मनगटाकडे. "बघा. पण लांबून."

"जवळून. माझ्या टेबलावर. आणि तुम्ही शेजारी चष्मा लावून बसायचं."

"चष्मा कशाला आणखी?"

"नाहीतर परत देताना कुठलं देतेय, ते तुम्हाला कळायचं कसं?"

ताई फसकन हसली आणि पदर तोंडावर धरून भिंतीकडे वळली. भावजींनी खूप वेळ लावून मान हलवली.

तेवढ्यात साहेबच दारात आले. "अहो, ते तुमचं घड्याळ जरा हातात घेऊन बघू का?"

भावजींचा उजवा हात झटकन डाव्या बाहीवर गेला.

"बघा की, साहेब. पण लांबून," ते म्हणाले. "हिला हात लावलेला आवडत नाही."