वेगळा विस्तव

शिगेच्या घरातला विस्तव तिच्या लग्नापासून एकदाही विझला नव्हता. रोज झोपताना ती निखारे राखेत पुरून ठेवी, सकाळी राख उकरून वर वाळलेली काटकी ठेवी आणि फुंकर घाली. सासूनं तिच्या हाती घर सोपवलं ते या विस्तवासकट. याच विस्तवावर शिजलेलं खाऊन तिचा नवरा गेन्झो आणि मुलगा तोकुजी समुद्रावर जात. गेन्झो गावातल्या सर्वांत मोठ्या होडीचा तांडेल होता. बुरी मासळीचा हंगाम ऐन भरात होता आणि त्या दिवशीही शिगेनं रोजच्यासारखा सातूमिसळ भात चढवला होता.

चुलीपाशी तिची सून नुई मुळा चिरत होती. दिवस भरत आले होते. तिला धड वाकताही येत नव्हतं.

"आई, यंदा थंडी फार आहे," नुई हळूच म्हणाली. "सरकारनं तर सांगितलंय, बाळंतपणाचा विटाळ पाळायचं कारण नाही. मागच्या कोठीत एका कोपऱ्यात पडून राहीन मी. चुलीकडं फिरकणारसुद्धा नाही."

"सरकार येतंय का होडीवर वल्ही मारायला?" शिगेनं झाकण आपटलं.

"माझ्या माहेरी घरातच होतात बाळंतपणं."

"तुझ्या माहेरी डोंगर आहे, बाई. डोंगर काही कुणाला गिळत नाही. इथं घरातली दोन माणसं रोज पाण्यावर असतात."

नुईनं तोकुजीकडं पाहिलं. तो उंबऱ्यावर बसून गवती वहाणा बांधत होता. त्यानं बापाकडं पाहिलं. गेन्झो म्हणाला, "आई सांगतेय ना." झालं. तोकुजीनं इथं तोंड उघडायला हवं होतं. त्यानं वहाणेची चांगली बसलेली गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

आता हे गाव काही जुनाट म्हणावं असं नव्हतं. जपानातल्या वाकासाच्या त्या किनाऱ्यावर नवं राज्य केव्हाच पोचलं होतं. शोगुन गेले, सम्राट आले. शेंड्या कापा म्हणाले, पुरुषांनी कापल्या, आणि एकमेकांच्या डोक्याला झाडू म्हणून हसून घेतलं. वर्षारंभ अलीकडे आणला, तर गावानं नवा पाळला आणि जुनाही पाळला, सणाची मोची, म्हणजे तांदळाच्या वड्या, दोनदा खायला मिळाल्या. दारूच्या दुकानात रॉकेलचा दिवा आला, तो बघायला म्हाताऱ्याकोताऱ्या नटूनथटून गेल्या. ज्या सुधारणेत कुणाला जागचं हलावं लागत नव्हतं ती गावानं आनंदानं घेतली. विटाळाचा हुकूमही देवळाच्या अंगणात वाचला गेला. पुरुषांनी माना खाली घालून तो ऐकला आणि घरी गेले. हुकूम देवळातच राहिला.

गावाबाहेर, खडकांच्या आडोशाला, बाळंतिणींची खोप होती. गवताचं छप्पर, वाळूवर अंथरलेला पेंढा आणि मधोमध तीन दगड. तिथला विस्तव वेगळा. तो तिथंच चकमकीनं पाडायचा. घरचा विस्तव तिकडं जायचा नाही, तिकडचा घरी यायचा नाही. त्या विस्तवावरचं ज्यानं खाल्लं त्यानं होडीत पाय ठेवायचा नाही, समुद्र खवळतो. गेन्झोचा थोरला भाऊ बुडाला तेव्हा गाव कुजबुजलं होतं की त्याच्या बायकोनं खोपीत चहा घेतला होता. ती बाई पुढं कुणाच्या दारी उभी राहू शकली नाही. शिगेनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. तिची स्वतःची पाच बाळंतपणं खोपीत झाली, त्यातली तीन लेकरं तिथून घरी आलीच नाहीत. हे असंच असतं, असं तिला सांगितलं गेलं आणि तिनं ते मानलं. ती दुष्ट नव्हती. ती घाबरलेली होती, आणि घाबरलेल्या माणसाच्या हातून काय होतं ते पुढं दिसलंच.

दोन दिवसांनी नुईला कळा सुरू झाल्या. तिनं आपलं गाठोडं उचललं. शिगेची धाकटी मुलगी सावा सोबतीला निघाली, म्हातारी सुईण तोरा आजी आधीच पुढं गेली होती. शिगे रजई घेऊन अंगणाच्या दगडी कुसापर्यंत आली आणि तिथं थांबली. पुढं तिनं जायचं नव्हतं, तिला स्वयंपाक करायचा होता.

"येते, आई," नुई मान लववून म्हणाली.

"ये लवकर," शिगे म्हणाली, आणि रजई सावाच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी होड्या गेल्यावर कुसापलीकडून सावाची हाक आली. "आई, मुलगी झाली! गोरीपान आहे, वहिनीसारखी!" शिगेला हसू फुटलं. मुलगी तर मुलगी, सुखरूप आहे ना. तिनं शुभाच्या भातासाठी पाण्यात लाल चवळी भिजत घातली.

मग वारा फिरला. समुद्राकडून बर्फ आडवं यायला लागलं. समोरचं कूससुद्धा दिसेना, आणि त्या पांढऱ्या गोंधळात सावा पुन्हा येऊन उभी राहिली.

"आई, छप्पर फाटलं. बर्फ पडून विस्तव विझला. चकमक भिजलीय, ठिणगीच पडत नाही. वहिनी कुडकुडतेय. थोडे निखारे दे ना!"

"घरचा विस्तव तिकडं कसा देऊ, सावा?" शिगेनं कोरडी चकमक आणि कापूस तेलकागदात गुंडाळून कुसावरून टाकला. "वाऱ्याकडं पाठ करून बस आडोशाला, पडेल ठिणगी."

ठिणगी पडली असेलही. पण पेंढा भिजलेला, लाकूड भिजलेलं, पेटायचं काय? सावा परत आली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते.

"पेटत नाही गं आई! वहिनी बोलत नाही आता नीट. तोरा आजी म्हणते, विस्तव आण, नाहीतर बाई जाते. दे ना गं!"

शिगेनं मडकं घेतलं. चिमटा हातात घेतला, चांगला लालबुंद निखारा उचलला. आणि तेवढ्यात खाली किनाऱ्यावर लाट अशी फुटली की घराची फळी थरथरली. तिचा हात थांबला. तिकडं नवरा होता, मुलगा होता, गावातल्या सहा घरांचे पुरुष होते. आता या घडीला हा निखारा कुसापलीकडं गेला आणि होडी उलटली तर? तर मारलं कुणी त्यांना?

"होड्या लागू देत, बाळ," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "होड्या लागल्या की लगेच देते. तोवर माझा अंगरखा ने."

"आई!"

"होड्या लागल्या की!"

सावा अंगरखा घेऊन धावत गेली. शिगेनं निखारा चुलीत परत ठेवला. त्यानंतर ती दारातच उभी राहिली, समुद्राकडं बघत, ओठांत देवाचं नाव घेत. चुलीत विस्तव छान धगधगत होता.

होड्या आल्या. एकही माणूस गेला नाही. उलट बुरी अशी लागली होती की माणसं हसत ओरडत होती. शिगेनं नवऱ्याचा आवाज ऐकला, मुलाचा ऐकला, आणि मडकं भरून धावत सुटली. कूस ओलांडलं, खडक ओलांडले. खोपीत शिरली तेव्हा तोरा आजी नुईच्या केसांतलं बर्फ पुसत होती.

"बाळंतपण सोपं झालं होतं," आजी म्हणाली. "लोण्यासारखं झालं. हिला गारठ्यानं नेली."

नुईच्या अंगावर रजई होती, त्यावर शिगेचा अंगरखा होता. शिगेनं तिचे पाय हातात घेतले. सकाळी दारात ठेवलेल्या घागरीइतके ते गार होते. सावा कोपऱ्यात पाठमोरी बसली होती. तिच्या पोलक्यात, छातीशी, ती पोर होती आणि अजून श्वास घेत होती.

शिगेला रडू आलं नाही. तिनं मडक्यातले निखारे त्या तीन दगडांमध्ये ओतले. घरून येताना तिनं कोरडं लाकूड आणलं होतं, ते लावलं. क्षणात खोप उबदार झाली. इतकं सोपं होतं ते. पोर रडायला लागली, मोठ्यानं, हक्कानं, आणि मग मात्र शिगे जमिनीवर डोकं आपटून रडली.

रिवाज असा होता की त्या खोपीतला विस्तव समुद्रात टाकायचा आणि पोरीनं शुद्ध होईपर्यंत तिथंच राहायचं. शिगेनं तोच विस्तव मडक्यात भरला, पोरीला छातीशी घेतलं, आणि घरी आली. सगळ्या गावानं पाहिलं. तिनं ते निखारे आपल्या चुलीत ओतले आणि त्यावर भात शिजवला.

"बाहेर टाक तो विस्तव!" गेन्झो ओरडला. "उद्या समुद्रावर जायचंय आम्हाला! वेड लागलं का तुला?"

"आज आलात ना जिवंत?" शिगे म्हणाली. "नुईनं जीव दिला म्हणून आलात का? की वारा पडला म्हणून आलात? नक्की ठाऊक असेल तर सांगा. मला ठाऊक नाही, आणि तरी मी तिला मारलं."

शिगेनं भाताचं भांडं मुलापुढं ठेवलं. तोकुजीनं ते दोन्ही हातांनी उचललं आणि खाऊ लागला. त्याच्या डोळ्यांतलं पाणी भातात पडत होतं. त्या दिवशी उंबऱ्यावर बोलायचं राहिलेलं सगळं तो जणू आता गिळत होता. दुसऱ्या दिवशी होडीवाल्यांनी त्याला होडीजवळ येऊ दिलं नाही.

गेन्झो जेवला नाही. तांडेलच विटाळला तर होडी कोण काढणार? तो आपली रजई घेऊन किनाऱ्यावरच्या जाळ्यांच्या झोपडीत राहायला गेला. तिथं त्यानं तीन दगड मांडले, चकमकीनं आपला आपण विस्तव पाडला आणि त्यावर भात उकडून खाऊ लागला. गावातल्या बायका शिगेला तोंडावर बोलायच्या. "बाई, नवऱ्याला घराबाहेर काढलंस!" शिगे पोरीला पेज पाजत राही. दूध तोरा आजीची नात चोरून येऊन पाजून जाई.

असे बरेच दिवस गेले. मग एका सकाळी फार बर्फ पडलेलं असताना शिगे दारात आली, तर कुसापलीकडं गेन्झो उभा होता. जिथं सावा उभी होती तिथंच. त्याच्या मिशांवर बर्फ होतं. हातात रिकामं मडकं होतं. झोपडीतला विस्तव विझला होता.

आत जाऊन शिगेनं निखारे आणले आणि कुसावरून हात लांब करून त्याच्या मडक्यात ओतले. कोणत्या चुलीतले ते, हे त्याला माहीत होतं. त्यानं मडकं पोटाशी धरलं.

"फार गारठा आहे गं," तो म्हणाला.

"हो," शिगे म्हणाली. "तिलाही होता."

गेन्झो तिथंच उभा राहिला. नंतर तो कूस ओलांडून आत आला, चुलीपाशी बसला, आणि शिगेनं वाढलेला भात मान वर न करता जेवला. त्यानंतर काही दिवस मोठी होडी किनाऱ्यावरच राहिली. मग बापलेक दोघेच लहान होडी घेऊन समुद्रावर गेले आणि मासळी घेऊन परत आले. गाव बघत होतं.

वसंतात बर्फ वितळायच्या सुमाराला शेजारची सून मित्सु गाठोडं घेऊन खोपीच्या वाटेला लागली. तिला चालवत नव्हतं. शिगे वाटेत आडवी उभी राहिली, तिचं गाठोडं काढून घेतलं आणि हाताला धरून तिला आपल्या घरी आणलं. मागून मित्सुची सासू शिव्या देत कुसापर्यंत आली आणि तिथं थांबली.

गेन्झो चुलीपाशी जाळं विणत बसला होता. त्यानं मित्सुकडं पाहिलं, तिच्या भिजलेल्या पायांकडं पाहिलं. मग जाळं गोळा केलं आणि बाजूला सरकून विस्तवाजवळ तिला जागा करून दिली. एवढंच करायचं होतं, थोडं सरकायचं होतं. नुईसाठी त्या घरात एवढंही कुणी सरकलं नव्हतं.