एकतीस मार्चची कपाटं

बाळांनो, कल्पना करा, तुम्हाला वाचनालयासाठी सरकारी पैसे मिळाले आहेत आणि खर्च करायला पूर्ण वर्ष आहे. पुस्तकांची यादी तुम्ही आठ दिवसांत कराल. मी निवृत्त शिक्षक, म्हणून मला अकरा महिने लागले.

बमरोलीतल्या आमच्या कामगार वस्तीसाठी ते विकास अनुदान होतं. मी यादी करायचो, तपासायचो, स्वतःलाच कमी गुण द्यायचो आणि नवी यादी लिहायला घ्यायचो.

अठ्ठावीस मार्चला अनुदानाच्या कचेरीतून गोपालभाईंचा गुजरातीमिश्रित फोन आला. "मास्तर, एकतीस मार्च एटले एकतीस मार्च! बिल नाही आलं तर पैसे परत जाणार."

पुण्याहून पुस्तकं यायला दहा दिवस लागणार होते. जवळच्या पांडेसऱ्यातल्या एका दुकानात लोखंडी कपाटं मात्र तयार होती. मी पाच कपाटं घेतली, बिल वेळेत पोचवलं आणि वर पेढेही वाटले.

दुसऱ्या दिवशी सहावीतली धनश्री आली. तिने पाचही कपाटं उघडून पाहिली.

"गुरुजी, पुस्तके कोठे शेतस?" तिने घरच्या अहिराणीत विचारलं.

"पुढच्या अनुदानात येतील, बेटा."

"मग तोवर काय, कपाटं वाचू?"

मी सवयीप्रमाणे विचार करत बसलो. धनश्री पिशवी घेऊन दारोदार फिरून आली. पिशवीत एक फाटकं गोष्टींचं पुस्तक होतं, दोन जुनी पंचांगं होती आणि मिक्सरचं माहितीपत्रक होतं. मी नाक मुरडायच्या आत तिने माहितीपत्रकही कप्प्यात लावलं आणि रिकामी पिशवी घेऊन पुढच्या गल्लीकडे पळाली.