वाटाड्या

धाकट्या नातवंडाला, पिल्लूला, कडेवर घेऊन आजोबा औषधांच्या दुकानाच्या पायऱ्या उतरले आणि शेवटच्या पायरीवर थबकले. मोकळ्या हातात दुरुस्त करून आणलेल्या चपलांची पिशवी होती. समोर गाड्यांचा लोंढा वाहत होता. डावीकडे दुकानं, उजवीकडेही दुकानंच. घर कोणत्या बाजूला, ते त्यांना आठवेना.

"आजोबा, चला ना!" मधला बंड्या सदरा ओढू लागला. सहा वर्षांचं ते पोर म्हणजे पायाला भिंगरी.

"थांब रे जरा. पिशवी सावरू दे."

पिशवी नीटच होती. आजोबांनी उभा जन्म याच शहरात बस चालवली होती. लोक पत्ता विचारायला त्यांच्याकडे येत. असं आधी एकदा झालं होतं, पण तेव्हा ते एकटे होते. एका बाकावर टेकले, घटकाभरात डोकं ताळ्यावर आलं. घरी त्यांनी अवाक्षर काढलं नाही. आज मात्र सुनेने तिन्ही लेकरं त्यांच्या हवाली केली होती.

करकचून ब्रेक लागला. बंड्या रस्त्यात उतरला होता आणि नऊ वर्षांच्या थोरलीने त्याला कॉलर धरून मागे खेचलं होतं. टेम्पोवाल्याने डोकं बाहेर काढलं.

"ओ काका, पोरं सांभाळायला जमत नाही तर आणता कशाला?"

आजोबांनी पिल्लूला घट्ट धरलं. तेवढ्यात कडेवरून आवाज आला, "आबोबा, शू."

"हो हो, घरीच चाललोय." मग ते हसले. हसू जरा जास्तच मोठं झालं. "आज गंमत करू. वाटाड्या मी नाही, तुम्ही. मला घरापर्यंत न्यायचं. चुकलात तर हरलात."

"इकडे!" बंड्याने डावीकडे झेप घेतली.

थोरली आजोबांच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग तिने भावाला वळवलं, त्याचा हात घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने आजोबांच्या हातातली पिशवी काढून घेतली.

"माझी ओढणी धरा, आजोबा. खेळात तसंच असतं."

त्यांनी धरली. प्रत्येक चौकात ती थांबायची, दोन्हीकडे पाहायची आणि हळूच म्हणायची, "आत्ता." ते तिच्या मागे चालायचे. एकदा वाट चुकली. पुन्हा मागे यावं लागलं. पिल्लूने तोवर आजोबांचा सदरा ओला केला होता. थोरली पावलं भरभर टाकू लागली.

सून दारातच उभी होती.

"अहो, किती हा उशीर! माझा जीव टांगणीला लागला होता. फोन तरी उचलायचा!"

"आम्ही जिंकलो!" बंड्या ओरडला.

"मीच म्हटलं लांबून जाऊया," थोरली म्हणाली. "आजोबा नको म्हणत होते."

"अक्कल गहाण टाकलीस का गं? हे बाळ बघ, कसं भिजलंय! त्यांना या वयात एवढी पायपीट करायला लावलीस? उद्यापासून बाहेर जाणं बंद तुझं."

थोरलीने मान खाली घातली. आईने आणखी दोन शब्द सुनावले. थोरलीची बोटं ओढणीच्या टोकाला पीळ घालत होती.

आजोबांनी पिल्लूला खाली ठेवलं. सुनेने मुलीवर हात उगारला, तसा त्यांनी भिंतीचा आधार घेतला.

"तिला बोलू नकोस," ते म्हणाले. "मला घर सापडत नव्हतं. तिने आणलं."

सुनेचा उगारलेला हात तसाच राहिला. तिने एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा सासऱ्यांकडे. मग खुर्ची ओढून पुढे केली.

"बसा आधी." तिचा आवाज एकदम खाली आला होता. "कधीपासून होतंय हे?"

"सांगतो. पिल्लूचे कपडे बदलून ये, मग सगळं सांगतो."

थोरली हळूच आतल्या खोलीकडे निघाली होती. आजोबांनी शेजारच्या स्टुलावरचा वर्तमानपत्रांचा ढीग उचलून खाली ठेवला.

"तू पण बस," ते म्हणाले.