बुजगावण्यापुढचा बर्गर

मित्रांनो, मला पाहून दचकलात ना? शाबास! मी एक जुनं बुजगावणं आहे. कुणी दचकलं की मला अजूनही बरं वाटतं, पण हल्ली ते सुख फारसं वाट्याला येत नाही.

मखमलाबादच्या एका भाजीच्या मळ्यात हिरामणबाबांनी मला उभं केलं. बाभळीच्या दोन काठ्या, आत कडबा आणि डोकं म्हणून काळं मडकं. त्यावर चुन्यानं त्यांनी असे विचकलेले दात काढले, की टोमॅटोवर आलेली पाखरं आल्या पावली परत फिरायची. अंगात त्यांचाच जुना निळा सदरा होता.

त्या घरची एक रीत होती. पहिल्या तोड्याची भाजी आधी माझ्यापुढे ठेवायची. पाखरांना एवढं हाकलतो, मग त्यांचा वाटा नको का द्यायला? बाबांची बायको कलाबाई भाजी ठेवून मागे सरायच्या. पाखरं भीत भीत येऊन चोच मारायची आणि मगच ती भाजी घरात शिजायची. नात तृप्ती हे बघतच मोठी झाली. बुजगावण्यापुढे ठेवलेलं ते आपलं आणि चांगलं, हे तिच्या मनात पक्कं बसलं.

पुढे बाबा गेले. शहरात गंगापूर रोडवर बर्गरचं एक चकचकीत दुकान उघडत होतं आणि त्यांना गावरान सजावट हवी होती. तृप्तीच्या वडिलांनी, म्हणजे दिनेशनं, आपल्या आईला, कलाबाईंना, न विचारता मला टेम्पोत घातलं.

दुकानाचं नाव सांगत नाही, उगाच जाहिरात कशाला! माझ्या हातात पाटी दिली: 'मळ्यातून थेट तुमच्या ताटात. शंभर टक्के नैसर्गिक.' पेंटरनं माझे दात पुसले आणि तिथे हसू रंगवलं. रोज सकाळी माझ्यावर बाटलीतून ओल्या मातीचा वास फवारतात. माझ्या जागेवरून मागचं दार दिसतं. तिथून ताजी भाजी आत येताना मी कधी पाहिली नाही. येतात ते बर्फानं पांढरे झालेले खोके.

माझ्यापुढच्या टोपलीत त्यांनी एक बर्गर ठेवला, उघडाच. आता मुंग्या येतील, माशी बसेल, बुरशी धरेल, म्हणून मी वाट पाहत राहिलो. काहीच झालं नाही. द्राक्षांचा हंगाम आला आणि गेला, तरी बर्गर पहिल्या दिवशी होता तसाच. कधी एखादी चिमणी दारातून आत शिरते, माझ्या खांद्यावर बसते, टोपलीत डोकावते आणि भुर्रकन उडून जाते. जन्मभर पाखरं मला भ्यायली. ती माझ्यापेक्षा त्या बर्गरला जास्त भितात, हे पाहून माझ्या अंगातला कडबा शहारला.

अशात एक दिवस तृप्ती वडिलांबरोबर आली आणि मला येऊन बिलगली.

"बाबा, हे आपलं बुजगावणं! म्हणजे इथलं सगळं आपल्याच मळ्यातलं ना?"

दिनेश नुसता हसला. खरं न सांगता त्यानं तिला बर्गर घेऊन दिला. मग ती सारखी येऊ लागली. घरची भाजी तोंडात घेईना, गाल बसले, डोळे ओढले. 'नको खाऊस, पोरी' असं ओरडावंसं मला वाटायचं. पण माझ्या तोंडावर हसूच होतं. ते बघून ती टाटा करायची आणि आणखी एक बर्गर मागायची.

पितृपक्षात एका दुपारी कलाबाई तिला घेऊन दुकानात आल्या. हातात पत्रावळ होती. घरी घास ठेवला तर कावळा शिवेना. तेव्हा तृप्ती म्हणाली होती, आजोबांचा सदरा तर दुकानात आहे, तेही तिथेच असतील!

सदरा पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अवं, तुम्हाला हितं आणून उभं केलं व्हय?" मग त्यांनी टोपलीतला बर्गर उचलून पाहिला. "किती दिसाचा हाय गं ह्यो?"

"मी पहिल्यांदा आले तेव्हापासून आहे, आजी."

कलाबाईंनी बाहेर फुटपाथवर पत्रावळ मांडली आणि शेजारी तो बर्गर ठेवला. वायरीवर कावळे होते, पण एकही खाली येईना.

"पोरीची काळजी करू नगा," कलाबाई हात जोडून म्हणाल्या. "आजपासून तिला मी माझ्या हातानं भरवीन."

एक कावळा उतरला. बर्गरजवळ गेला, मान वाकडी करून पाहिलं आणि एकदम मागे उडी मारली. मग पत्रावळीतली भाकरी चोचीत धरून उडाला.

तृप्ती कितीतरी वेळ त्या बर्गरकडे बघत राहिली. मग तिनं काचेतून माझ्या हसऱ्या तोंडाकडे पाहिलं आणि आजीच्या पदरात तोंड लपवलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती मला घाबरली. मित्रांनो, मला जे वाटलं ते काय सांगू! हिरामणबाबांनी मला केलं होतं ते ह्याचसाठी.

जाताना कलाबाई सदरा काढून घेऊन गेल्या. आता माझ्या अंगात दुकानाचा हिरवा टीशर्ट आहे आणि टोपलीत नवा बर्गर. तोही तसाच राहणार आहे.

एवढीच विनवणी आहे. एखाद्या दुकानाच्या दारात मी हसताना दिसलो, तर ते हसू माझं नाही हे लक्षात ठेवा. पाखरं मला घाबरायची, तसे तुम्हीही घाबरा.