टक्क्याच्या चिन्हामागून

मी एक मॅक्रो बोलतोय. आधीच माफी मागून ठेवतो. ज्याने मला लिहिलं, त्याने शाळा मध्येच सोडली होती. त्याच्याकडे होते तेवढेच शब्द माझ्या वाट्याला आले. ऱ्हस्वदीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या, आणि भाषा साधी वाटली तर ती साधीच आहे.

मॅक्रो म्हणजे काय, ते सांगतो. पुस्तकाची पानं लावायची टेक् नावाची एक यंत्रणा असते. तिच्यात पान डोळ्यांसमोर सजवत नाहीत. मजकुराच्या मध्येमध्ये हुकूम लिहितात, की इथे मथळा, इथे मोकळी जागा. मग यंत्रणा ते वाचते आणि पान तयार करून देते. तेच तेच दहा हुकूम पुन्हा पुन्हा लिहायचा कंटाळा आला, की माणूस त्यांची एक मोट बांधतो आणि तिला एक नाव देतो. ती मोट म्हणजे मी. माझं नाव ‘बाजूटीप’. ओळीच्या शेजारी, समासात, बारीक अक्षरात टीप बसवायची, एवढंच माझं काम.

माझा जन्म जिन्याखालच्या एका खोलीत झाला. खोलीत दोन संगणक, एक छपाईयंत्र आणि कागदांच्या गठ्ठ्यांमधून चालायला जेमतेम वाट. खोली मामांची. मला लिहिणारा त्यांचा भाचा. हा पोरगा इतका लाजाळू, की फोन वाजला तर मामांकडे बघायचा. पण संगणकाशी मात्र तासन्‌तास बोलायचा. “ऐक ना रे,” असं तो मला म्हणायचा. मी चुकलो की स्वतःच्याच कपाळावर हात मारायचा.

मला बनवलं ते आजोबांच्या पुस्तकासाठी. आजोबा म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ. जन्मभर भिंग लावून एक डोळा बारीक झालेला. घड्याळ कसं उघडावं, कसं पुसावं, कसं जुळवावं, हे सगळं त्यांनी पुस्तकात घातलं होतं. मजकूर तयार होता. फक्त शेजारच्या टिपा ते स्वतः येऊन सांगणार होते. त्यांची मुलगी त्यांना हाताला धरून आणायची. तिला सगळे ताई म्हणायचे.

“बाबा हल्ली विसरतात,” ताई पहिल्याच दिवशी हळूच म्हणाल्या. “मला ओळखतायत तोवर पुस्तक हातात पडू दे. एवढंच बघा.”

“बघतो ना,” भाचा म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

सुरुवातीचे दिवस छान गेले. आजोबा खुर्चीत बसून सांगायचे, “हेअरस्प्रिंग म्हणजे केसाएवढी बारीक कमान, तिला बोट लावू नये. चिमट्यानेच उचलावी.” भाचा टाइप करायचा आणि मी ते नेमकं त्या ओळीशेजारी नेऊन ठेवायचो. आजोबा पडद्याला नाक लावून बघायचे. “वा! दुकानात गिऱ्हाईक शेजारी उभं राहावं, तशी उभी राहिलीय.”

मग आजोबा तीच टीप पुन्हा सांगू लागले. आल्या आल्या हेअरस्प्रिंग, जाता जाता हेअरस्प्रिंग. “हे सांगायचं राहिलंच होतं,” असं म्हणून सांगायचे. ‘आजोबा, हे झालंय,’ असं म्हणायला भाच्याची जीभ रेटत नसे. तो मुकाट्याने टाइप करायचा.

इकडे माझा जीव मेटाकुटीला आला. समास केवढा, टिपा किती! एकीखाली एक रचत गेलो, की शेवटची टीप ढकलली जाऊन पुढच्या पानावर जाते. हेअरस्प्रिंगची टीप तेल घालण्याच्या प्रकरणात, तेलाची टीप काचेच्या प्रकरणात. यंत्रणा माझ्या नावाने पडद्यावर सूचनांचा पाऊस पाडायची.

“काय रे ही कटकट?” मामा म्हणाले. “एकदा सांग त्या म्हाताऱ्यांना.”

“तुम्ही सांगा.”

“मी? मला नाही जमायचं बाबा.” मामांनी डोकं खाजवलं. “असं कर. टाइप करत राहा, त्यांना बरं वाटेल. पण घड्याळाच्या एका भागाची टीप एकदा छापली, की त्याच भागाची पुढची छापायचीच नाही. असं काही करता येत नाही का तुझ्या त्या मॅक्रोत?”

येत होतं. भाच्याने माझ्या पोटात तशा चार ओळी घातल्या. टिपेबरोबर तो त्या भागाचं नाव लिहायचाच. तेच नाव पुन्हा आलं, की टीप गिळायची, आणि सूचना द्यायची नाही. त्या दिवसापासून पानं स्वच्छ येऊ लागली. सूचना थांबल्या. मामांनी पाठ थोपटली. मी गिळत राहिलो. मला टीप वाचायला सांगितलंच नव्हतं, फक्त तिचं नाव बघायला सांगितलं होतं.

शेवटच्या खेपेला आजोबा आले, तेव्हा ताई दाराशी मामांबरोबर मुखपृष्ठाचे रंग बघत होत्या. आजोबांनी नेहमीप्रमाणे “हेअरस्प्रिंग,” अशी सुरुवात केली. भाच्याचे कान किटलेले. त्याने नाव टाइप केलं, आणि पुढचं नुसती बोटं टाइप करत गेली. कान बाहेरच्या रंगांच्या गप्पांकडे. आजोबा बराच वेळ बोलले.

ताई आत आल्या. “काय सांगत होता बाबा एवढं?”

“पुस्तकात वाच,” आजोबा म्हणाले, आणि पहिल्यांदाच मिस्कील हसले.

पुस्तक छापून झालं, बांधून झालं. ताईंनी ते घरी नेलं, आणि थोड्याच दिवसांत खोलीत परत आल्या. एकट्याच. पुस्तक छातीशी धरलेलं.

“त्या दिवशी बाबा काहीतरी वेगळं बोलले होते. मी सगळं पुस्तक चाळलं. मला सापडत नाहीये. कुठल्या पानावर आहे?”

भाच्याने फाइल उघडली. टीप होती. पानावर नव्हती. त्याला वाटलं, टिपा जागेवर यायला यंत्रणा दोनदा चालवावी लागते, ती एकदाच चालवली असेल. पुन्हा चालवली. नाही. मग त्याने फाइल अर्धी झाकली, उरलेली चालवली. त्या अर्ध्याचं अर्धं केलं. चूक शोधायची त्याची हीच रीत. अर्धं करत करत तो माझ्यापाशी येऊन पोचला, आणि माझ्या पोटातल्या त्या चार ओळींवर त्याची नजर थांबली. या खेपेला त्याने कपाळावर हात मारला नाही.

ओळी काढल्या. लगेच सगळ्या जुन्या टिपा उसळून समासात आल्या, आणि हवी होती ती चार पानं पुढे जाऊन पडली. त्याने बाकीच्या एकेक करून पुसल्या. शेवटी ती एकटी उरली, आणि मी ती तिच्या ओळीशेजारी बसवली. तेव्हा भाच्याने ती पहिल्यांदा वाचली.

‘हेअरस्प्रिंग बसवताना श्वास रोखावा. माझी मुलगी लहानपणी शेजारी बसून माझ्याबरोबर श्वास रोखायची. स्प्रिंग बसली की दोघं एकदम सोडायचो. लोक म्हणायचे, माझा हात स्थिर आहे. तो हात माझा एकट्याचा नव्हता.’

“पुन्हा छापू या?” त्याने मामांना विचारलं.

मामांनी बांधलेल्या पुस्तकांच्या थप्पीकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. “ते एक पान काढ. घेऊन जा ताईंबरोबर. आणि तूच जा. मी येणार नाही.”

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात नीट बसलेलं पान ते. संध्याकाळी भाचा परत आला, तेव्हा मामा दिवा न लावता बसले होते.

“वाचलं आजोबांनी?”

“मोठ्याने वाचलं. सगळं. म्हणाले, बरोबर लिहिलंय, काम माहीत असलेला माणूस आहे. मग ताईंना विचारलं, ‘बाई, हा कोण? पत्ता आहे का याचा? याच्या मुलीला भेटलं पाहिजे.’”

“आणि ताई?”

“म्हणाल्या, विचारून सांगते.”

मामांनी उठून दिवा लावला.

वाचकहो, मला दोष द्या किंवा देऊ नका, माझ्याने आता काही भरून निघणार नाही. एकच विनंती आहे. तेच ते पुन्हा सांगणारं माणूस तुमच्या घरी असेल, तर त्याच्यासाठी माझ्यासारखा मॅक्रो बांधू नका. शंभरदा तेच ऐकावं लागेल. ऐका. मी ऐकलं नाही, कारण मला कान दिलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचा मामांच्या आधी आला. बसच्या वेळापत्रकाचं काम आलं होतं. नवं काम सुरू करताना तो जुनीच फाइल उचलतो, तशी त्याने आजोबांची फाइल उचलली. आतला मजकूर पुसला. माझ्यापाशी आल्यावर मला पुसलं नाही. माझ्या एकेका ओळीपुढे त्याने टक्क्याचं चिन्ह टाइप केलं. त्या चिन्हापुढचं यंत्रणा वाचत नाही. मग त्याने पहिल्या बसची वेळ लिहिली.